सुई खालीच होती

गेल्या महिन्यात गाडीचे मागचे शॉकअप बदलले. त्याआधी क्लचप्लेट गेली होती, आणि त्याच्याही आधी उंदरांनी बॉनेटमध्ये शिरून वायरिंग कुरतडली होती. मागची डावी काच एकदा खाली गेली की हाताने ओढून वर घ्यावी लागते, ती तशीच आहे. एसीचा कॉम्प्रेसर दोन उन्हाळ्यांपूर्वी गेला, तो मी बसवलाच नाही. अमरावतीच्या मे महिन्यात एसीशिवाय गाडी चालवणं काय असतं, हे इथल्या माणसाला सांगायला नको. पण मिस्त्री म्हणाला, नव्या कॉम्प्रेसरला जेवढे लागतील तेवढ्यात भंगारवाला अख्खी गाडी घेऊन जाईल. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं.

मुलगा पुण्याहून फोन करतो तेव्हा एकदा तरी म्हणतो, "बाबा, विकून टाका ना ती." मी हो म्हणतो आणि विकत नाही. त्याला वाटतं माझा जीव अडकलाय गाडीत. तसं काही नाही. चार दरवाजे, मागे डिकी, चंदेरी रंग, तोही आता टपावरून उडालेला. जीव अडकावा असं तिच्यात काही उरलेलं नाही. ती दारात उभी असली की मला एक गोष्ट आठवत राहते, आणि ती आठवत राहावी असंच मला वाटत होतं. ती गोष्ट मी या उन्हाळ्यात अकोल्याला चारचौघांत बोललो. पण नात्यागोत्यात चुकीची गोष्ट लांबपर्यंत पोहोचते आणि तिची दुरुस्ती त्याच खोलीत राहते. म्हणून लिहितो आहे.

आमच्या सासऱ्यांना दोनच मुली. थोरली मला दिली, धाकटी अकोल्याच्या माझ्या साडभावाला. मी अमरावतीला सरकारी कार्यालयात होतो, शेवटी शेवटी टेबलावर काच आणि दारावर पाटी असलेला. साडभाऊ एसटीत कंडक्टर. सासऱ्यांनी दोघांत कधी फरक केला नाही असं सगळे म्हणतात. पण धोंड्याच्या महिन्यात, म्हणजे दर तीनेक वर्षांनी अधिक महिना येतो तेव्हा, जावयांना बोलावून पुरणाचे धोंडे वाढायची पद्धत आहे, आणि सासऱ्यांच्या दर्यापूरच्या घरात पहिला पाट माझाच मांडला जायचा. साडभाऊ हसून म्हणायचे, "साहेबाईची शीट रिझर्व हाय, आमी उभ्यानं जाऊ." मला ते आवडायचं. आज लिहिताना लाज वाटते, पण आवडायचं.

गाडी घेतली तेव्हा दोन्ही घरांत ती पहिलीच. मी कोणालाही सांगताना एक वाक्य हमखास म्हणायचो: "आपली सगळी सर्व्हिसिंग कंपनीच्या वर्कशॉपमध्ये. बाहेरच्या माणसाला हात लावू देत नाही." नोकरीत होतो तोवर ते खरं होतं. निवृत्त झाल्यावर वर्कशॉपमधून एकदा मोठं बिल हातात आलं. इंजिनाच्या पाण्याचा सेन्सर गेला होता. त्यामुळे उष्णतेची सुई जागची हलत नव्हती आणि रेडिएटरचा पंखाही आपोआप लागत नव्हता. सेन्सर, पंख्याची मोटर, होजपाइप, कूलंट असं सगळं मिळून जो आकडा त्यांनी सांगितला तो ऐकून मी "विचार करून सांगतो" म्हणालो आणि गाडी बडनेरा रोडवरच्या एका मिस्त्रीकडे नेली.

त्याने दहा मिनिटं पाहिलं. म्हणाला, "साब, सेंसर का झंझट छोड़ो. पंखा डायरेक्ट कर देता हूँ." आणि स्टेअरिंगच्या खाली, गुडघ्यापाशी, घरातल्या विजेच्या बोर्डावर असतं तसलं एक काळं बटण बसवून दिलं. गाडी गरम व्हायच्या आधी आपणच बटण दाबायचं, पंखा सुरू. सुई मात्र तळाशीच पडून राहणार. त्यानेच बजावलं, "किसी को गाड़ी दो तो बोल देना हाँ, साब." मी मान डोलावली. पैसे इतके कमी घेतले की मला बरं वाटायच्या ऐवजी थोडं चोरट्यासारखं वाटलं.

घरी बायकोने शेजारी बसल्यावर विचारलं, "हे काय बसवलं?" मी म्हणालो, "दिव्याचं बटण आहे."

साडभाऊ निवृत्त झाल्यावर अकोल्यातल्या एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये जाऊन गाडी शिकले. आयुष्यभर दुसऱ्याच्या मागे उभं राहून प्रवास केलेला माणूस साठीत स्टेअरिंग धरायला शिकला, याचा त्यांना केवढा आनंद होता! लायसन आलं तेव्हा ते आधी आम्हाला दाखवायला अमरावतीला घेऊन आले. त्याच्या पुढल्या वर्षी मुलीचं लग्न झालं आणि पाठोपाठ ज्येष्ठात अधिक महिना आला. नव्या जावयाचा पहिला धोंडा. सोबत वाशीमकडचे व्याही आणि विहीणही येणार होते. त्यांनी चिखलदरा कधी पाहिलेला नव्हता.

साडभाऊ माझ्याकडे आले. "भाऊ, दोन रोज गाडी पायजे."

मी म्हणालो, "ड्रायव्हरसकट भाड्याची करा ना. घाट आहे."

"भाड्याची केली तं त्याच्यात माह्यं काय? मले सोताले चालोत न्यायचं हाय व्याह्याले."

चहा घेता घेता त्यांनी गाडीची तब्येत विचारली आणि मी सवयीने ते वाक्य म्हणून गेलो. सगळं कंपनीत, बाहेरच्याला हात लावू देत नाही. ते कौतुकाने म्हणाले, "म्हनूनच तुमची मांगतो. नाईतं गावात गाड्या कमी हायेत का?"

त्यानंतर मला बटणाबद्दल सांगता आलं नाही. सांगणं अवघड नव्हतं. पण एवढं बोलून झाल्यावर गुडघ्यापाशी वाकून ते काळं बटण दाखवायचं, म्हणजे पाच मिनिटांपूर्वी खोटं बोललो हे दाखवायचं. मी मनाशी हिशेब केला की दिवस उन्हाचे आहेत, एसी चालूच राहील, एसीचा पंखा वेगळा असतो आणि तो इंजिनालाही हवा मारतो. काही होणार नाही. मग चावी देताना जुन्या माणसाच्या थाटात, काहीतरी उपयोगी सांगायचं म्हणून, मी एकच सूचना दिली.

"घाटात एसी बंद करत जा. नाहीतर गाडी ओढत नाही."

ते म्हणाले, "बरं झालं सांगतलं."

परतवाड्यापर्यंत गाडी उत्तम गेली. घाट लागला तसा साडभावांनी एसी बंद केला, काचा खाली घेतल्या. निम्म्या चढावर बॉनेटमधून वाफ यायला लागली आणि गाडी थांबली ती थांबलीच. व्याही, विहीण, जावई, मुलगी रस्त्याच्या कडेला एका पळसाच्या सावलीत उभे. शेवटी एक वडापची जीप मिळाली. माणसं तिच्यात दाटीवाटीने बसून वर गेली, साडभाऊ गाडीपाशी थांबले. मला फोन केला.

"भाऊ, गाडी गरम झाली. पन सुई खालीच होती. मी पाहून राह्यलो होतो ना, सारखी पाहून राह्यलो होतो. खालीच होती."

फोन कानाशी असतानाच मला सगळं समजलं. एसीबद्दल मी काय बोललो होतो तेही. मी म्हणालो, "असं कसं होईल?"

या तीन शब्दांतून पुढचं सगळं झालं.

गाडी दोरी बांधून परतवाड्याला आणि तिथून टेम्पोवर अमरावतीला आली. इंजिनाचं हेड वाकलं होतं, गॅस्केट जळालं होतं. साडभाऊ म्हणत होते, मी मिस्त्रीपाशी येतो, विचारतो काय झालं. मी म्हणालो, "तुम्ही कशाला उन्हात येता?" आणि एकटा गेलो. हेडचं काम तर करायचंच होतं. त्यासोबत मी नवा सेन्सर बसवून घेतला, पंखा पहिल्यासारखा करून घेतला आणि ते बटण काढायला लावलं. मिस्त्री हसला. "अब लगवा रहे हो, साब?" बटण काढल्यावर तिथे एक बारीक भोक राहिलं, त्यावर त्याने काळी चिकटपट्टी लावली.

आठवड्याने साडभाऊ आणि साळी, म्हणजे बायकोची धाकटी बहीण, आमच्याकडे आले. त्या दिवशी बायकोच्या माहेरचे चुलत भाऊ, त्यांच्या बायका असे बरेच जण घरात होते. साडभावांनी खिशातून पाकीट काढलं. दुरुस्तीचे सगळे पैसे आणले होते, एसटीतून मिळालेल्या पैशांतले. मी दोनदा "राहू द्या" म्हणालो आणि तिसऱ्यांदा घेतलं.

कोणीतरी विचारलं, "पन झालं काय नेमकं?"

साडभाऊ म्हणाले, "काई समजत नाई. सुई खालीच होती."

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. गाडी माझी, मला माहीत असणार. मी म्हणालो, "मीटर कंपनीचं आहे. खोटं कशाला दाखवेल? यांचं लक्ष रस्त्यावर असेल." आणि खोलीत जरा अवघडल्यासारखं झालं म्हणून पुढे जोडलं, "कंडक्टरनं घंटी मारावी, स्टेअरिंग धरू नये."

हशा पिकला. साडभाऊही हसले. हे मला जास्त लागतं, ते हसले ते.

ते वाक्य चाललं. बारशात, लग्नात, तेरवीच्या जेवणातसुद्धा. गाडीत बसायची वेळ आली की कोणीतरी म्हणायचं, "यायले मांगं बसवा रे, इंजिन वाचन," किंवा नुसतंच "डबल बेल!" मुलांनाही माहीत झालं. साडभावांनी त्यानंतर कोणाची गाडी मागितली नाही. मी पुढे एकदा विचारलं, चालवता की नाही, तर म्हणाले, "नाई भाऊ. माह्या हातात गाडी टिकत नाई." कोणी आपला रक्तगट सांगावा तसं म्हणाले. वाद घालण्याजोगं त्यात काही नाही असं.

आठ वर्षांनी यंदा पुन्हा ज्येष्ठच अधिक आला. त्यांच्या लेकी-जावयाचा धोंडा अकोल्याला, आणि आम्हा दोघांनाही बोलावणं होतं. मी गाडी काढली नाही, एसटीने गेलो. दुपारचं जेवण, कूलर पूर्ण जोरात, तरी भिंती तापलेल्या. धोंडे, वर तुपाची धार, आंब्याचा रस. जेवता जेवता जावई साडभावांना म्हणाला, "बाबा, मी नवीन गाडी बुक केली. ही जुनी इथंच ठेवून जातो तुमच्यासाठी. आईंना डोळे दाखवायला दर महिन्याला अमरावतीला जावं लागते, बसनं हाल होतात त्यांचे."

साळीला डोळ्यांच्या मागच्या पडद्याचा त्रास आहे. दर महिन्याला इंजेक्शन घ्यावं लागतं आणि परत येताना बसमध्ये तिला धड दिसत नाही. तिने ताटावरून मान वर केली आणि नवऱ्याकडे पाहिलं.

साडभाऊ म्हणाले, "नको बाप्पा. मले नको."

"अहो, घ्या ना," साळी म्हणाली.

"तुले घाटात उभं राहाचं हाय का? माह्या हातात गाडी टिकत नाई, सगळ्याइले मालूम हाय."

जावई हसला, मुलगी हसली, माझी बायकोही हसली. साळी हसली नाही. तिने धोंडा मोडला आणि तसाच ठेवला.

मी म्हणालो, "सुई खालीच होती."

कूलरच्या आवाजात ते कोणाला कळलं नाही. मुलगी म्हणाली, "काय म्हणता मोठे बाबा?"

मग मी सगळं सांगितलं. सेन्सर, बटण, एसी, चिकटपट्टी. बरोबर क्रमाने सांगता आलं नाही, जावयाने मध्येच दोन प्रश्न विचारले, त्यांची उत्तरं दिली. मी ताटाकडे पाहूनच बोलत होतो.

साडभावांनी हातातला घास ताटात ठेवला. मग त्यांनी विचारलं, "खालीच होती ना?"

"हो."

"मंग मी नवा चष्मा करून आनला तो?"

मला समजलं नाही. साळी म्हणाली, "त्या वेळी चिखलदऱ्याहून आल्यावर हे डोळ्याच्या डॉक्टरकडे गेले होते, भाऊजी. ‘मला सुई दिसली नाही, म्हणजे माझे डोळे गेले,’ म्हणाले. डॉक्टर म्हणे नंबर तोच आहे. तरी यांनी नवा चष्मा करून घेतला."

हे मला माहीत नव्हतं. मी म्हणालो, "चुकलं माझं. ते पैसेही मी..."

"पैशाचं नाव काढू नका." त्यांचा आवाज चढला नव्हता. "व्याह्याले फोन लावा."

"आत्ता?"

"आत्ताच. त्याइच्यासमोर माह्यी गाडी बंद पडली. त्याइले सांगा."

जावयाने स्वतःच्या वडिलांना फोन लावला, स्पीकर सुरू करून माझ्यासमोर ताटाशेजारी ठेवला. मी नमस्कार केला, अमरावतीहून कोण ते सांगितलं, आणि चिखलदऱ्याच्या घाटात गाडी बंद पडली होती त्याबद्दल बोलायचं आहे म्हणालो.

"कवा?" व्याही म्हणाले.

"मागे. धोंड्याच्या महिन्यात."

"हां हां हां! आठोलं. त्या जीपमंदी आमच्या घरच्याइच्या मांडीवर कोनाची तरी कोंबडी येऊन बसली ना! अजून हासतो आमी. कोंबडी काई उतरे नाई अन् ह्या काई वरडे नाईत."

मी म्हणालो, "त्या दिवशी गाडी बिघडली त्यात यांची चूक नव्हती. माझी होती. मी सांगायला हवं ते सांगितलं नव्हतं."

"असू द्या ना बाप्पा. गाडी म्हनल्यावर बिघडतेच." मग थोडं थांबून, "गाडी तुमची होती काय? मले वाटलं भाड्याची."

जावयाने फोन बंद केला. साडभाऊ म्हणाले, "त्याइले कोंबडी याद हाय." आणि ताटावरून उठून मागच्या अंगणात गेले. बाहेर बादली नळाखाली ठेवल्याचा आवाज आला. ते कूलरच्या टाकीत पाणी भरत होते. टाकी भरून वाहायला लागली तरी भरत राहिले. मुलीने जाऊन नळ बंद केला.

आत आले तेव्हा जावयाला म्हणाले, "चाबी ठेवून जाजो. पन लायसनची मुदत सरली. मी केलंच नाई रिन्यू. कशाले करू म्हनलं."

"काढू ना नवीन, बाबा."

"सुरुवातीपासून कराव लागते आता. आधी शिकाऊ."

"करू."

मग माझ्याकडे वळून ते म्हणाले, "तुमची बस कितीची हाय, साहेब?" इतकी वर्षं ते मला भाऊ म्हणत होते. साहेब म्हणायचे ते थट्टेत. हे थट्टेतलं नव्हतं.

परतीच्या बसमध्ये बायको मूर्तिजापूरपर्यंत खिडकीबाहेर पाहत बसली. मग म्हणाली, "मला दिव्याचं बटण म्हणाला होतात तुम्ही." ती पुढे म्हणाली, "आणि मी त्या दिवशी सगळ्यांच्या आधी हसले. माझ्या सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याला." त्यावर आमचं बोलणं आजवर झालेलं नाही.

त्यानंतर मी बायकोच्या माहेरच्या दोघातिघांना फोन करून हेच सांगितलं. एक म्हणाला, "जाऊ द्या ना भाऊजी, जुनं झालं." दुसऱ्याने सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी हसून म्हणाला, "पन काई म्हना, डबल बेल मस्त होतं." दोरी बांधून आणलेली गाडी दुरुस्त होते. हे कसं दुरुस्त करतात, मला या वयात समजत नाही. मी आपला ज्याला त्याला सांगत राहतो.

अकोल्याच्या बातम्या मला बायकोकडून मिळतात. साडभावांनी शिकाऊ लायसन काढलं. संगणकावरच्या परीक्षेत पहिल्यांदा नापास झाले, दुसऱ्यांदा पास. सकाळी मोकळ्या मैदानावर मुलीच्या अकोल्यातल्या दिराला शेजारी बसवून चालवतात. मग पक्कं लायसन आलं. ते दाखवायला यावेळी ते अमरावतीला आले नाहीत.

परवा साळीची डोळ्यांची तारीख होती. दोघं गाडीने येणार हे आदल्या दिवशी कळलं होतं. दवाखाना आमच्या घरापासून दोन चौकांवर. दर महिन्याला बसने यायचे तेव्हा दुपारी आमच्याकडेच जेवून, पडून, उन्ह उतरल्यावर निघायचे. बायकोने भाकरी केल्या, झुणका केला, साडभावांना आवडतो म्हणून ठेचा वाटला. मी फाटकातली माझी गाडी ढकलून कडेला लावली, त्यांची सावलीत उभी राहावी म्हणून.

दीड वाजला, दोन वाजले. बायकोने फोन केला. साळी म्हणाली, "अगं, आम्ही बडनेरा सोडलं. हे म्हणतात घरी जाऊनच जेवू."

बायकोने फोन ठेवला. माझ्या ताटात भाकर वाढली आणि बाकीच्या फडक्यात गुंडाळून ठेवल्या.

"कसे चालवतात म्हणे?" मी विचारलं.

"हळू चालवतात म्हणते," ती म्हणाली. "पण चांगली चालवतात."